उठायच्या आधी

आप्पा म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ न सोडणारा माणूस. उभा जन्म दुधाच्या धंद्यात गेला, पण साहेबापुढे कधी मान वाकली नाही की देवापुढे गुडघे. देवाला हात जोडायचे तेही उभ्यानेच. "त्याला दिसतं की इथूनही," म्हणायचे.

आणि हेच आप्पा न्हाणीघरात पडले, तर तासभर त्यांना उठताच येईना! हाड वाचलं हे नशीब. लेक शहरातून धावत आली, महिनाभर राहिली आणि तिने एकच अट घातली. जमिनीवरून आपले आपण उठून दाखवा, मग खुशाल राहा एकटे. नाही तर रविवारी माझ्याबरोबर चला. गाय शेजारचा दूधवाला घ्यायला तयार आहे.

"माझी ढवळी? त्या टोणग्याला?" आप्पा कडाडले.

व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची. सतरंजीवर बसवून सांगायची, "आजोबा, आधी कुशीवर वळा. मग हात टेकून गुडघ्यांवर या."

"रांगू? या वयात? उठेन तर सरळ उठेन, नाही तर बसून राहीन!"

सरळ उठायला जायचे आणि धपकन बसायचे. लेक तोंड फिरवून हसायची. अलीकडे अलीकडे तोंड फिरवून रडायला लागली होती.

शनिवारी दुपारी लेक बाजारात गेली, तसे आप्पा गोठ्यात शिरले. आपली फजिती कुणी बघायला नको म्हणून आतून कडी घातली आणि खांबाला धरून खाली बसले. मग पाठ खांबाला रेटली, टाचा रोवल्या, दात-ओठ खाल्ले. छे! घामाने सदरा चिंब झाला, पण अंग बोटभर उचलेना. हाक मारली तर शेजारी धावत येतील, दार तोडतील, आणि मग उद्या शहराची वाट धरायची. आप्पांना भीती वाटली, अगदी लहान पोराला वाटते तशी.

समोर ढवळी रवंथ करत बसली होती. धारेची वेळ झाली, तशी ती हलली. मान पुढे टाकली, पुढचे गुडघे जमिनीत रोवले आणि मागचं अंग वर घेतलं. तशीच ती घटकाभर थांबली. एवढं थोरलं जनावर, आणि सगळा भार दोन गुडघ्यांवर. डोकं खाली, श्वास संथ. घाई नाही, लाज नाही. मग एक पाय पुढे आला, पाठोपाठ दुसरा, आणि ती उभी राहिली.

आप्पांचा आ वासलेलाच राहिला. जन्मभर पाठीवर थाप मारून 'ऊठ गं बाई' म्हणत आले, पण तिच्याइतकं खाली बसून हे कधी पाहिलंच नव्हतं. ती कुणाला शरण गेली नव्हती. ती नुसती उठत होती. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि का कोण जाणे, डोळे भरून आले.

ते कुशीवर वळले. हात टेकले. एक गुडघा, मग दुसरा. गव्हाणीची कड हाताला लागली, पण लगेच उठावंसं वाटेना. खालच्या जमिनीने आपल्याला धरून ठेवलंय असं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते असे बसले होते, आणि त्यांना अजिबात लहान झाल्यासारखं वाटत नव्हतं. मग एक पाऊल पुढे रोवलं, कड घट्ट धरली आणि आप्पा उभे राहिले.

कडी काढली तर दारात लेक उभी. पिशवी पायाशी पडलेली, कांदे अंगणभर.

"कधी आलीस?"

"तुम्ही गुडघ्यांवर होतात तेव्हा. फटीतून दिसलं."

"मग हाक नाही मारायची?"

"बघतच राहिले, आप्पा. इतका सुंदर माणूस मी कधी पाहिला नव्हता."

"चल, काहीतरीच!"

तिने डोळे पुसले. पिशवी उचलत म्हणाली, "उद्या मी एकटीच जाते."

हेच तर हवं होतं त्यांना. तरी आप्पांनी दोन्ही हातांनी लेकीचा हात धरून ठेवला.