मुक्या पट्टीची चाल

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात सूर पुष्कळ आहेत. मधली एक पांढरी पट्टी मात्र मुकी. दाबली की नुसता श्वास येतो.

कारागिराने घडवलं तेव्हा मी धडधाकट होते. मग एका गायनवर्गात गेले आणि तिथल्या ओलीने ती पट्टी बसली. गुरुजी म्हणायचे, "उद्या दुरुस्त करून घेऊ." तो उद्या काही उजाडला नाही. मुलीच त्या पट्टीवरून बोट उडवत न्यायला शिकल्या. वर्ग बंद पडला आणि गुरुजींच्या शेजारच्या मावशींनी मला माळ्यावर ठेवून घेतलं.

मावशींच्या भाचीला मुलगी झाली तेव्हा मी खाली आले. छोटी भारी रडकी. झोपली तरी आई वाकवाकून बघायची, श्वास चालू आहे ना! माझ्यावर बोटं फिरवता फिरवता आईला एक चाल सुचली आणि छोटी गाढ झोपली. पुढे त्या गाण्याशिवाय तिचा डोळाच लागेना. आईच्या बहिणीने ते फोनवर टिपलं आणि बघता बघता घरोघरी पोचलं. काय ते कौतुक!

मग कुणीतरी एका नामवंत गायिकेचं जुनं गाणं त्याच्या शेजारी लावून दाखवलं. चाल तीच! कालचे भक्त आज "चोरटी" म्हणू लागले. जिन्यात शेजारीण म्हणाली, "मला आधीच शंका होती हो."

"मग टाळ्या कशाला पिटल्यात, काकू?" बहीण फणकारली.

सूर सात आणि तोंडं सतराशे साठ!

आईने गाणंच टाकलं. छोटी रडून लालबुंद व्हायची, आई ओठ आवळून नुसती थोपटायची. दोघींच्या डोळ्यांखाली काळं आलं. माझ्यावर चादर पडली.

एका दुपारी ती गायिकाच दारात उभी राहिली.

"चाल माझी आहे, पोरी."

"तुमचं गाणं मी ऐकलंच नव्हतं, बाई. या पेटीवर बोटं गेली, तशी ती झाली."

"असं कसं होईल?" म्हणत बाईंनी चादर ओढली आणि आपली चाल वाजवायला घेतली. मध्येच त्यांच्या बोटाने उडी मारली. त्या थबकल्या. मागे येऊन त्यांनी मुकी पट्टी दाबली. हाऽऽ.

"अगं बाई! तू तर आमच्या वर्गातली! तुझ्यावरच तर बसवली होती मी ही चाल. अजून मुकीच का गं?"

बाई हसत सुटल्या, आई रडत. मग बाईंनी भाता धरला. "म्हण आता. पोर कधीची रडतेय." दोघी गायल्या आणि हुंदका अर्धा ठेवूनच छोटी झोपली.

मी थक्क झाले, मित्रांनो! एकमेकींना न ओळखणाऱ्या दोघींनी माझ्या मौनाला वळसा घातला आणि त्या वळणावर एकच गाणं उभं होतं! बाईंनी हे सगळ्यांना सांगितलं, तर लोक म्हणाले, "संगनमत आहे." म्हणोत बापडे.

पेटीला ओल लागू देऊ नका, मित्रांनो. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी गाणं शेवटपर्यंत ऐका. छोटी आता बोलू लागलीय. परवा तिने ती पट्टी दाबली. कान टेकवून ऐकत राहिली. मग आईकडे वळून म्हणाली, "झोपलीय."