ठकुबाईचं लुगडं

तिसऱ्या दिवशीही मोरीनं लाथ झाडली आणि शेजारचा सोमनाथ बादलीसकट शेणात बसला.

"काकू, तुमची म्हस पान्हा चोरतीया," तो उठत म्हणाला. "माज्यानं न्हाई हुयाचं."

ठकुबाई गोठ्याच्या दारात उभी होती, उजवा हात प्लास्टरात. पाय घसरला, मनगट मोडलं, डॉक्टरांनी दीड महिना सांगितला. मोरीला हे कोण समजावणार? तीन वेतं तिनं या एकाच हाताला दूध दिलेलं. मार्गासनी गावातल्या लोकांनी वैरण, पाणी, शेणघाण वाटून घेतली होती. अडलं होतं धारेपाशी. दूध अंगात राहिलं की कास दगडावानी होते, मग म्हैस आटते. आणि मोरी आटली, तर मागंपुढं कुणी नसलेल्या ठकुबाईनं पहाटे उठायचं तरी कशाला?

चौथ्या दिवशी विहाराजवळची गीताबाई आली. माहेरी, पासलीला, तिनं धारा काढलेल्या.

"आक्का, तुमचं गोठ्यातलं लुगडं द्या. धुतल्यालं नको."

"अगं, लई घाण हाय ते."

"म्हून तर."

शेणाघामाचं ते लुगडं अंगाभोवती गुंडाळून गीताबाई खाली बसली. मोरीनं मान वळवून हुंगलं, फुरफुरली, आणि रवंथ करायला लागली. बादलीत धार वाजली. ठकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं डाव्या हातानं पुसलं.

मग दीड महिना गीताबाई दोन्ही वेळा आली. नातीच्या बारशादिवशीसुद्धा चुकली नाही.

प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी ठकुबाई कुणाची वाट न बघता धारेला बसली. अंघोळ केलेली, स्वच्छ पातळ नेसलेली. दोन बोटं मिटेनात. मोरीनं तिला हुंगलं आणि पाय झाडला.

"व्हय गं, आता मीच परकी?" ठकुबाई हळूच म्हणाली.

दारात गीताबाई कधीची उभी होती. अंगावरचं लुगडं ती सोडायला लागली. "घ्या आक्का, तुमी नेसा. मंग दील ती."

ठकुबाईनं बोटं पुन्हा मिटून पाहिली. जमलं नाही.

"ऱ्हाऊ दे. तूच बस."

ती उठली, डाव्या हातानं पेंडीचं घमेलं मोरीपुढं सरकवलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. पलीकडं बादलीत एकेका सडाची धार वाजत होती. ठकुबाई ऐकत होती.

"गीता," तिनं तिकडं न बघताच सांगितलं, "डाव्या अंगाचं मागलं सड ऱ्हायलंय."