बाबांनी सांगितलेला तिसरा अंक

एक विचारते. साठ वर्षांपूर्वीचं नाटक कसं होतं हे जाणून घ्यायचं असेल, तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? ज्यानं ते लहानपणी पाहिलं त्याच्यावर, की नाट्यगृहाच्या दाराशी विकल्या गेलेल्या माझ्यावर? घाई करू नका. मलाही सगळं ठाऊक नाही.

मी ‘उसना राजपुत्र’ या संगीत नाटकाच्या पदांची पुस्तिका बोलतेय. सोळा पानं, गुलाबी कव्हर, मधोमध दोन पिना. माझ्यात फक्त गाणी, संवाद नाहीत. सगळं आयुष्य हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्यांच्या खणात काढलं, त्यामुळे जीभही गल्ल्यावरची झाली आहे. तेवढं चालवून घ्या.

दुकान बाबांचं. एका रविवारी दुपारी ते मुलगी आणि मुलगा यांना घेऊन नाटकाला आले. मला विकत घेताना आधी पानं मोजली, मगच पैसे दिले. नाटकात एक शिंपी राजपुत्राचे कपडे शिवतो, नीट बसतात का बघायला स्वतःच घालतो, आणि नेमकी तेव्हाच राजकन्या त्याला पाहते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी शिपाई त्याला धरून नेतात. पडदा पडला आणि बाबा उठले. साडेपाचला दुकान उघडायचं होतं.

सात वर्षांच्या मुलानं रडून रडून डोळे लाल केले. मग बाबांनी चालता चालता मला उघडलं, तिसऱ्या अंकाची गाणी भसाड्या आवाजात म्हटली आणि मधली गोष्ट सांगून टाकली. दुकानाचं कुलूप निघेपर्यंत नाटक संपलंसुद्धा.

पुढे मुलाचा शेठ झाला. गिऱ्हाइकाला स्क्रू बांधून देता देता हे नाटक सांगायचा, दरवेळी तिन्ही अंक. खोटं नव्हता बोलत हो. त्याला खरंच तसं वाटायचं.

यंदा एका संस्थेनं नाटक पुन्हा करायला घेतलं. संहिता मिळाली, पण शेवटची आठ पानं वाळवीनं खाल्लेली. मूळ प्रयोग पाहिलेला माणूस शोधत दिग्दर्शिका दुकानात आली. शेठ मला खिशात घालून तालमीला निघाले. काठी टेकत थोरली ताईही आली.

“मग काका, शेवट?” दिग्दर्शिकेनं वही उघडली.

“काय शेवट होता म्हणून सांगू!” शेठ खुर्चीतून उठलेच. “राजकन्या मुकुट काढून शिंप्याच्या हातात ठेवते. म्हणते, मोडून काय येईल ते घ्या. आणि दोघं भर चौकात दुकान टाकतात. ही माप घेते, तो शिवतो. गिऱ्हाइकांची ही रांग!”

ताईला हसू आवरेना. “अरे शहाण्या, राज्य सोडून कुठली राजकन्या दुकान टाकते? हे बाबांचं डोकं! तिसऱ्या अंकाला आपण होतो कुठे?”

दिग्दर्शिकेनं वही मिटली. जाहिरातीत ‘मूळ शेवटासह’ असं छापून झालं होतं. भावाचा चेहरा पाहून ताई वरमली. “की मीच विसरले असेन? माझंही वय झालं. तू म्हणशील ते.”

शेठचा हात खिशात माझ्यावर आला. ‘हो, तूच विसरलीस’ एवढंच म्हणायचं, आणि आयुष्यभर जपलेलं नाटक वाचलं असतं.

“नाही,” ते म्हणाले. “ताईचं बरोबर आहे. मी दोनच अंक पाहिलेत. मलाच आत्ता कळतंय.”

ते खाली बसले. कुणीतरी पाणी आणलं.

“काका,” दिग्दर्शिका हळूच म्हणाली, “बाबांचा शेवट आम्हाला द्याल?”

“फुकट?” शेठ पाणी पिता पिता म्हणाले, आणि सगळे हसले. “न्या. पण नाव त्यांचं लावा.”

जाहिरात पुन्हा छापली. खाली ठळक ओळ आली: ‘तिसऱ्या अंकाचा शेवट, हार्डवेअरवाल्या बाबांनी मुलांना सांगितला तसा.’ प्रयोगाला मी ताईच्या मांडीवर होते. दुकानाचा प्रवेश रंगला. शेठ टाळ्या वाजवायचेही विसरले.

आता मी ताईकडे असते. पिना गंजल्यात, कव्हर फिकट झालंय, पण मजेत आहे. भाऊ येतो, दोघं मला मध्ये धरून गातात. सूर बाबांवरच गेलाय.

जाता जाता एक मागणं. लहानपणी पाहिलेलं कुणाला सांगाल, तेव्हा हिशेब चोख ठेवा. पाहिलेले अंक एका बाजूला मांडा, ऐकलेले दुसऱ्या. आणि ऐकलेल्यापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.