सुपडूची हजेरी

माझे सासरे झुंबर आबा यांच्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती. शेत नव्हते, शाळा नव्हती, पण बापाची गोष्ट होती. जातच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या कायद्याने त्यांच्या गावच्या भिल्ल पुरुषांना रोज संध्याकाळी पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागे, आणि रात्री त्याच्याच ओट्यावर झोपावे लागे. एकटा त्यांचा बाप सुपडू घरी बायकोपोरांजवळ झोपायचा.

"मना बापनी कधीच हजेरी दिधी नही," असे आबा, गाव सोडून आम्ही कामाला आलो त्या टोकरखाड्याच्या खोलीत, येईल त्याला सांगत. मी जवळच्या सायली गावातल्या धागा कंपनीत पाळीभर उभी राहून सुजलेल्या पायांनी घरी यायची, आणि तीच गोष्ट. लग्न झाल्यापासून ऐकून कान किटले होते.

माझी मुलगी गुड्डी नंदुरबारला मामाकडे राहून बारावी झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. जागा राखीव. जातीचा दाखला होता, पण पडताळणीला जुना पुरावा हवा होता. घरातल्या कुणाच्या तरी नावापुढे भिल्ल लिहिलेले, तेही पन्नास सालाच्या आधी. नाहीतर जागा जाणार. आता आणा कुठून? सातबाऱ्यावर नाव यायला आधी जमीन लागते. जन्ममृत्यूच्या नोंदींची नेमकी तीच पाने वाळवीने खाल्लेली. नवरा गेल्यापासून धावायला मी एकटीच. रजा काढायची, एसटीत बसायचे, "पुढच्या आठवड्यात या" ऐकायचे आणि परत येऊन पाळीवर उभे राहायचे.

"ममताबेन, रोज रोज छुट्टी नहीं मिलेगी," सुपरवायझर म्हणाला. मी इतकी थकले होते की त्याच्याशी भांडायचेही सुचले नाही. मला भांडण सुचले नाही म्हणजे बघा.

एके दिवशी भाकरी खाता खाता आबा म्हणाले, "मना बापवर केस व्हयेल व्हती. हजेरी चुकाडी म्हनीसन. पन तो कोर्टमा जिकना!"

"मग इतके दिवस गप्प का बसलात?" मी ओरडलेच. कोर्टाचा कागद म्हणजे नाव, गाव, जात, सगळे आले. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला नीट झोप लागली.

तालुक्याच्या कोर्टातला कारकून भला होता. त्याने खरोखरच शोधले. पिवळा पडलेला निकाल समोर धरून तो वाचू लागला, मध्येच थांबला आणि माझ्याकडे बघून पुन्हा वाचू लागला. आरोपी सुपडू, जात कुणबी. खाली त्याची जबानी होती. मी भिल्ल नाही, सबब मला हजेरी लागू नाही. ज्याच्या शेतावर तो बायकोपोरांसकट राहून राखण करायचा त्या मालकाने साक्ष दिली होती. त्यालाही रात्री शेतावर माणूस हवाच होता. सुपडू सुटला.

"ताई, हा जोडलात तर अर्ज तिथेच संपला," कारकून हळू आवाजात म्हणाला. "आणि नाही जोडलात तर तुमच्याकडे पुरावा काहीच नाही."

घरी येऊन मी पिशवी आपटली. "तुमचा बाप असा जिंकला, आबा! खोटी जात सांगून! नातीची जागा घालवली त्याने."

आबांनी पिशवी उचलून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "तो खोटं बोलना म्हनीसन मी त्याना कुशीमा झोपनू."

मला सुपडूचा भयंकर राग आला होता, पण तो धरून ठेवता येईना. लेकरू कुशीत घेऊन झोपायला मिळावे म्हणून मीही हवी ती जात सांगितली असती. आता राग करायचा तरी कुणाचा? मला रडू आले, आणि रडायचाही कंटाळा आला.

मुदत गेली. जागा दुसऱ्या मुलीला गेली.

गुड्डीला मी माझ्याच कंपनीत लावले. पहिल्या दिवशी सकाळी ती घाईघाईने चप्पल घालत होती. आबा उंबऱ्यात बसले होते.

"च्या तरी पी जाय, बेटा."

"नको आबा. उशीर झाला तर हजेरी लागत नाही."

आबांनी पाय आखडून तिला वाट दिली. त्यानंतर त्यांनी बापाची गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. मीच कधी कधी म्हणते, सांगा ना आबा. ते ऐकू न आल्यासारखे करतात.