ड्रिस्कॉलकाका

निमिषने गाडी गॅरेजात घेतली, मागचं शटर पूर्ण खाली येऊ दिलं आणि मगच म्हणाला, "आता उतरा, कोच."

मागच्या सीटवर, निमिषच्या लेकीच्या बूस्टर सीटशेजारी अंग चोरून बसलेले वॉल्टर ड्रिस्कॉल उतरले. वय अडुसष्ट, उंची सव्वासहा फूट. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चाळीस वर्षं काढून, निवृत्त होऊन ते दोन वर्षं फ्लोरिडात टोमॅटो लावत होते. ते आज न्यू जर्सीत आहेत एवढं एका जरी फॅनला कळलं असतं, तरी अर्ध्या तासात त्याची बातमी झाली असती. म्हणून हॉटेल नाही, रेस्टॉरंट नाही. "तुझं घर वेस्ट विंडसरलाच आहे ना? मग लंच तुझ्याकडेच," असं कॉलेजच्या स्पोर्ट्स डायरेक्टर बाईंनी निमिषला परस्पर सांगून टाकलं होतं.

जुन्या हेड कोचला हंगामाच्या मध्यावर काढल्यावर उरलेले पाच सामने निमिषनेच संघ सांभाळला होता. त्यातले चार जिंकले. ती खुर्ची त्याला हवी होती, फार हवी होती. छत्तिसाव्या वर्षापर्यंत त्याने तीन हेड कोचेसच्या हाताखाली 'असिस्टंट' म्हणूनच वर्षं काढली होती. पण कॉलेजला देणग्या देणाऱ्या मंडळींना अनुभवी, पिकलेला माणूस पाहिजे होता. आणि त्या माणसाला आणण्याची, जेवू घालण्याची, पुन्हा पोचवण्याची जबाबदारी निमिषवर. नकार दिला असता तर नव्या हेड कोचने सगळ्यात आधी त्यालाच काढलं असतं.

आईला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. शैलजाताईंना सांगणं म्हणजे अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला सांगणं. "मोठे कोच येतायत, कदाचित माझे बॉस होतील," एवढ्यावरच त्याने भागवलं होतं.

शैलजाताईंनी मसालेभात, अळूवडी आणि श्रीखंड केलं होतं. ड्रिस्कॉल सातवी अळूवडी संपवून तृप्तपणे मागे रेलले.

"मला सांगा," ते म्हणाले, "तुमचा मुलगा कोच म्हणून कसा आहे?"

निमिषच्या हातातला डाव श्रीखंडाच्या भांड्यातच थांबला.

शैलजाताई आपल्या जपून वापरलेल्या इंग्रजीत म्हणाल्या, "मेहनती आहे. पण लहान आहे हो अजून. पुष्कळ गोष्टी कळत नाहीत त्याला. तुम्ही वडीलधारे. तुम्हीच सांभाळून घ्या."

"आई, प्लीज!"

"तू गप रे. मोठी माणसं बोलतायत. काकांना श्रीखंड वाढ."

नागपूरला ज्या घरात त्या वाढल्या, तिथे परक्या माणसासमोर आपल्या पोराचं कौतुक करणं म्हणजे चक्क असभ्यपणा होता. आणि पाहुण्यांसमोर आईचं बोलणं खोडून काढण्याची रीत निमिषच्या घरात नव्हती. त्याने कसंबसं हसून श्रीखंड वाढलं.

परतीच्या वाटेवर ड्रिस्कॉल पुन्हा मागेच बसले. प्रिन्स्टन जंक्शन मागे पडल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला.

"मी नाही म्हणायलाच आलो होतो, बेटा. तुझे पाचही सामने पाहिले मी. त्या बाईंना सांगणार होतो, घरात माणूस असताना मला कशाला त्रास देता?"

निमिषने आरशात पाहिलं. "सांगणार होतात?"

"आमच्या धंद्यात एखाद्या खेळाडू पोराला कॉलेजात आणायचं तर आधी त्याच्या आईला भेटावं लागतं. चाळीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरांत बसलोय. प्रत्येकीचं पोरगं म्हणजे हिरा. 'माझा अजून तयार नाही,' असं आजवर एकही आई म्हणाली नव्हती. तुझी आई पहिली. खरं बोलणारी बाई आहे."

"कोच, ती नुसती आमच्याकडची पद्धत आहे. बोलायची. तसं म्हणायचं असतं."

बोलतानाच त्याला ऐकू आलं, की हे खुर्चीसाठी आईला खोटं पाडणाऱ्या माणसाचं बोलणं वाटतंय. त्याला विलक्षण राग आला, आणि तो काढावा असं गाडीत कुणीच नव्हतं.

ड्रिस्कॉल मायेने हसले. "छत्तिसाव्या वर्षी मीही हेच म्हणालो असतो. पाच वर्षं ही नोकरी घेतो मी. तुला तयार करतो, मग जातो. तुझ्या आईला तसा शब्द दिलाय मी, तू चहा आणायला गेलास तेव्हा."

पुढचा सिग्नल हिरवा झाला तरी निमिष तिथेच थांबला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा तो निघाला.

घरी आला तेव्हा शैलजाताई ओटा पुसत होत्या.

"काय म्हणाले काका?"

"येतो म्हणाले. पाच वर्षं."

"बघ!" त्यांचा चेहरा फुलला. "तू स्वतःसाठी कधी तोंड उघडत नाहीस. म्हटलं, आपणच शब्द टाकावा. बॉसशी पहिल्यापासून घरोबा असलेला बरा, नाही का?"

त्यांनी झाकण काढून ताटली त्याच्यापुढे सरकवली. चार अळूवड्या होत्या, पाहुण्यांच्या हाताला लागू नयेत म्हणून मुद्दाम लपवून ठेवलेल्या.

"बरं केलंस, आई," निमिष म्हणाला आणि खायला बसला.