बाळंतिणीचा पडदा

जावयानं सासुरवाडीला येऊन रॉकेलचा डबा बडवावा, असलं आमच्या किहीममध्ये कुणी पाहिलं नव्हतं. एकतीस सालची दिवाळी, आमच्या अनसूयेचा पहिला दिवाळसण. जावई शिवदासराव मुंबईहून आले ते गळ्यात दुर्बीण आणि काखेत कॅमेरा घेऊन. पाय धुतले, चहा घेतला आणि थेट वाडीत, रायवळ आंब्याखाली.

त्या आंब्याच्या शेंड्याला काकणाचं घरटं. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा दर्यावरचा गरुड. मी या घरात आले तेव्हापासून हे शेजारी. मादी अंड्यांवर बसलेली. ती उडताना दिसावी म्हणून जावयांनी डबा बडवला. ती उडाली आणि कावळे घरट्यावर उतरू लागले.

"अनसूये," मी पडवीतून ओरडले, "सांग त्यांना, मागं या."

सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. म्हणून एवढा वळसा. ते मागं आले, तेव्हा कुठं नरानं कावळे हुसकावले आणि मादी परत बसली. अजून थोडा वेळ जाता तर अंडी कावळ्यांच्या पोटात होती.

पाडव्याला पाटाभोवती रांगोळी काढली, ताट वाढलं. जावई हात लावीनात. दिवाळसणाला जावयानं रुसायचं आणि आपण काहीतरी देऊन मनवायचं, हे ठरलेलंच. आमच्या ह्यांनी अंगठी पुढं केली.

"अंगठी नको. दादूला झाडावर चढवा आणि घरट्याआडची फांदी तोडून द्या. मला फोटो हवाय."

दादू आमचे नारळ पाडायचा. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. "एक फांदी तर आहे. जावई उपाशी उठला तर गावात तोंड कसं दाखवायचं?"

"तोंड तुमचं, अंडी तिची," मी म्हटलं. "उघड्यावर पडली की कावळे नेतील."

अनसूया रडवेली झाली. "आई, ते खरंच जेवायचे नाहीत. फार हट्टी आहेत."

"तुझ्या सासूनं लेकाला वळण लावायचं निम्मं काम माझ्यावर टाकलेलं दिसतंय."

रुसलेल्या जावयाला हवं ते द्यावं. पण मागेल त्याच तऱ्हेनं द्यावं, असं कुठं आहे? माळ्याची खिडकी आंब्यासमोर, पण झाडापासून चांगली लांब. बाळंतिणीच्या खोलीला पडदा लावतो तसं माझं जुनं हिरवं लुगडं तिला ताणून बांधलं आणि कात्रीनं दुर्बिणीपुरती भोकं पाडली.

"अनसूये, सांग त्यांना, बाळंतिणीला बघायचं तर पडद्याआडून. आणि गप्प राहून."

जावई गाल फुगवून वर गेले. मी जिन्यात उभी. मग कुजबुज आली, "सासूबाई, या ना. लवकर."

रीत त्यांनीच मोडली. मी दुर्बिणीला डोळे लावले. नर दर्यातला साप घेऊन आला होता, अजून वळवळणारा. मादी उठली, चोचीनं खाली काहीतरी अलगद हलवलं, पिसं फुलवली आणि पुन्हा बसली. इतकी वर्षं शेजार, पण तिचं तोंड मी आजच धड पाहिलं. मला एकटीलाच हसू फुटलं.

"अंडी उलटवली तिनं," जावई पुटपुटले. कॅमेरा कोपऱ्यात पडला होता.

"फोटो?" अनसूयेनं विचारलं.

"इथून ठिपका येईल नुसता," ते म्हणाले आणि हसले. "करंज्या उरल्यात का?"

ताट माळ्यावर आलं. लुगड्याला डोळा लावून जावई जेवत होते आणि आवाज नको म्हणून करंजीसुद्धा हळू चावत होते. हे खालून विचारत होते, "जेवले का? जेवले का?" आणि अनसूया तोंडाला पदर लावून हसत होती.

हात धुताना जावई म्हणाले, "पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन येतो. सगळे मिळून आंब्याखाली बसू."

मी पदर नीट घेतला आणि अनसूयेला बाजूला सारलं.

"जावईबापू, बाळंतिणीच्या दारात जत्रा भरवत नाहीत. पिल्लू उडेपर्यंत तुम्ही एकटे या आणि या खिडकीशी बसा. रुसायचं तर खुशाल रुसा, पण जेवून. आंब्याखाली परत दिसलात, तर अनसूया इथंच राहील, आणि मग तिलाही दुर्बिणीतूनच बघा."