उसवायचं कुणी

“कलाकृतीला वस्तू लागतेच असं नाही. कल्पना पुरते,” असं वाचून सरांनी पुस्तक मिटलं आणि सिस्टरकडे पाहून हसले.

सर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाच-सहा जण जमून असली पुस्तकं वाचायचे. सिस्टर दवाखान्यात नर्स. निम्मं तिच्या डोक्यावरून जायचं, तरी ती यायची. घरी आईजवळ शेजारच्या काकू बसत. तेवढा वेळ तिला कुणी काही उचलायला, पुसायला सांगत नसे.

गेल्या रविवारी बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं होतं की आईला हल्ली काही आठवत नाही, विणकाम तेवढं हातात राहिलंय. दिवसभर विणायचं, संध्याकाळी उसवायचं, रोज तेच. आज कळलं, त्या आयत्या बिळावर नागोबा येऊन बसलाय. गटातल्या चित्रकारबाईंनी प्रदर्शन ठरवलं होतं: पांढरी भिंत, त्यावर सिस्टरचं ते वाक्य, खाली बाईंचं नाव.

“उद्घाटनाला आईंनाच खुर्चीत बसवू या,” बाई म्हणाल्या. “त्या विणतील आणि स्वतःच उसवतील. केवढं मोठं विधान आहे ते.”

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या वाक्यात कर्ता नव्हता. बाईंनी आईलाच कर्ता करून टाकलं होतं.

“आई नाही उसवत. मी उसवते,” ती म्हणाली. “सकाळी अर्धवट विणलेलं दिसलं की ती घाबरते. हे कुणाचं, मी नाही चोरलं, म्हणून रडते.”

 बाईंचा चेहरा उजळला. हे तर आणखी छान, मग तुम्हीही शेजारी बसा, असं त्या म्हणाल्या. सरांनी समजूत घातली, कल्पनेला मालक नसतो.

“मग खाली यांचं नाव कशाला? आणि वस्तू नको म्हणता, तर माझी आई कशाला हवी?” सिस्टर उठली. “ते वाक्य भिंतीवर दिसलं तर मी येऊन खरवडून काढीन.”

ती जिना उतरली. एवढी वर्षं दवाखान्यात पेशंटची गोष्ट तिने कधी बाहेर नेली नव्हती, आणि सख्ख्या आईची नेली, तीही या लोकांत. सरांचा राग आला, बाईंचा आला, स्वतःचा सगळ्यांत जास्त.

संध्याकाळी आईने वीतभर विणलेला तुकडा उंच धरून दाखवला.

“झालंच बघ. उद्या बाही घेते.”

“घे,” सिस्टर म्हणाली.

आईचा डोळा लागल्यावर तिने धागा ओढला. रागाने जरा जोरातच ओढला आणि गाठ बसली. दिव्याखाली बसून नखांनी ती सोडवताना सकाळपासूनचं सगळं डोळ्यांतून वाहिलं. मग ओळीमागून ओळ उसवत तिने लोकर गुंडाळली. खालची पहिली ओळ मात्र न उसवता सुईवर घेऊन ठेवली. सुरुवातीचे टाके कसे घालायचे, ते आई विसरली होती.